पडद्यावरचं घड्याळ : आधी खरं, मग देखणं

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



आपल्या बऱ्याच गावांत ग्रामसंघाच्या किंवा गटाच्या खोलीत आता एक कॉम्प्युटर आलेला आहे. हिशोब ठेवायला, अर्ज भरायला, पत्रं छापायला त्याचा उपयोग होतो. काम जरा थांबलं की काही ठिकाणी त्याच्या पडद्यावर मोठ्या आकड्यांचं एक घड्याळ फिरायला लागतं. आकडे गोल वळतात, झुलतात, मिनिट बदललं की आकडाही बदलतो. खोलीच्या दुसऱ्या टोकाला सतरंजीवर बसलेल्या आजीलासुद्धा ते चष्म्याशिवाय दिसतं.

या घड्याळाबद्दल आम्हाला तीन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. "ताई, ते आमच्या कॉम्प्युटरवर कसं आणायचं?" "आमचं घड्याळ रोज मागे का पडतं?" आणि "इंटरनेटवर फुकट मिळतं म्हणतात, ते घ्यावं का?" आज या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देऊ. पण क्रम थोडा बदलू. घड्याळ सजवण्याआधी ते खरं आहे का, हे बघू. कारण गटाच्या कॉम्प्युटरवर वेळ आणि तारीख चुकली, तर ती चूक थेट आपल्या कर्जाच्या आणि व्याजाच्या हिशोबात उतरते.

घड्याळ हा नुसता चेहरा

पडद्यावर हलणारं घड्याळ स्वतः वेळ मोजत नाही. तो एक छोटा प्रोग्रॅम असतो. तो कॉम्प्युटरला सतत विचारतो, "आता किती वाजले?" उत्तर आलं की त्याप्रमाणे आकड्यांचं चित्र काढतो. पुढच्या क्षणी पुन्हा विचारतो, पुन्हा चित्र काढतो. ही चित्रं इतक्या भराभर बदलतात की आपल्याला आकडे हलताना दिसतात. सिनेमातली माणसं चालतात तीही अशीच, एकामागून एक चित्रं दाखवून.

काही घड्याळांत आकड्याची पाटी मधोमध दुमडून खाली पडते आणि नवा आकडा वर येतो. ही कल्पना कॉम्प्युटरच्या आधीची आहे. इटलीतल्या उदिने गावची सोलारी नावाची कंपनी १९५० च्या दशकात अशी पाट्यांची घड्याळं आणि रेल्वे स्टेशनचे, विमानतळाचे फलक बनवत होती. खऱ्या पाट्या फडफड आवाज करत उलटायच्या. आज पडद्यावर त्याची नक्कल दिसते.

सांगायचा मुद्दा असा, की चेहरा कितीही सुंदर असला तरी आतल्या कॉम्प्युटरने चुकीची वेळ सांगितली तर घड्याळ तीच चुकीची वेळ थाटात दाखवणार. म्हणून आधी आत काय चालतं ते बघू.

वेळ येते कुठून?

कॉम्प्युटरच्या डब्यात मदरबोर्ड नावाची एक मोठी हिरवी किंवा काळी पाटी असते. तिच्यावर क्वार्ट्‌झ नावाच्या स्फटिकाचा एक बारीक तुकडा असतो. त्याला वीज मिळाली की तो थरथरतो, आणि अगदी ठरलेल्या वेगाने थरथरतो, सेकंदाला ३२,७६८ वेळा. आपल्या भिंतीवरच्या सेलच्या घड्याळातही असाच तुकडा असतो. इतक्या थरथरी झाल्या की एक सेकंद झाला, असा आतला हिशोब.

आता प्रश्न असा, की वीज गेल्यावर किंवा बटण बंद केल्यावर हे घड्याळ चालू कसं राहतं? त्यासाठी मदरबोर्डवर एक चपटा गोल सेल बसवलेला असतो. बहुतेक कॉम्प्युटरमध्ये त्याचा नंबर सीआर २०३२ असतो. तो ३ व्होल्टचा, २० मिलिमीटर रुंद, म्हणजे साधारण रुपयाच्या नाण्याएवढा. कॉम्प्युटर बंद असताना हा एवढासा सेल घड्याळ चालवतो. तो काही वर्षं टिकतो आणि मग संपतो.

सेल संपल्याची खूण सोपी आहे. संध्याकाळी कॉम्प्युटर बंद केला, वायर काढून ठेवली, आणि सकाळी चालू केल्यावर तारीख एकदम कितीतरी वर्षं मागे गेलेली दिसली, तर सेल संपला असं समजा. रोज तारीख हाताने दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही. सेल बदलून घ्यावा. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याकडून तो पाच मिनिटांत बदलून होतो.

इथे एक गोष्ट मात्र मनात पक्की ठेवा. हा काढलेला जुना सेल टेबलावर, खिडकीत किंवा पोरांच्या हाताला लागेल असा ठेवू नका. लहान मुलं चकचकीत वस्तू तोंडात घालतात. असा सेल घशाखाली अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत आतून गंभीर भाजू शकतं. सेल जुना असला, घड्याळ चालवायला कमी पडत असला, तरी हा धोका राहतो. मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, "शौचावाटे पडून जाईल" म्हणून थांबू नका. एक्स-रे होईल अशा दवाखान्यात लगेच न्या. काढलेला सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून, डबीत बंद करून दुकानदाराकडेच परत द्या.

सेल चांगला असला तरी स्फटिक थोडाफार पुढेमागे होतो. दिवसाला एक-दोन सेकंदांचा फरक पडला तर महिन्याला जवळजवळ एक मिनिट होतं. हे दुरुस्त करायला इंटरनेट उपयोगी पडतं. जगात काही ठिकाणी अणुघड्याळं आहेत, त्यांची वेळ फार अचूक असते. भारताची प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अशा घड्याळांवर राखते. इंटरनेटवर वेळ सांगणारे मोठे कॉम्प्युटर असतात. आपला कॉम्प्युटर इंटरनेटला जोडलेला असला आणि सेटिंग बरोबर असलं, तर तो अधूनमधून त्यांना वेळ विचारतो आणि आपलं घड्याळ जुळवून घेतो.

तारीख चुकली तर काय बिघडतं?

कुणी म्हणेल, भिंतीवर घड्याळ आहे, हातात मोबाइल आहे, मग कॉम्प्युटरची तारीख चुकली तर एवढं काय? तर बघा.

पहिलं, व्याज. हिशोबाच्या एक्सेलच्या तक्त्यात "आजची तारीख" आपोआप घेणारं सूत्र घातलेलं असतं. कर्ज दिल्याच्या तारखेपासून आजपर्यंत किती दिवस झाले, ते मोजून तो तक्ता व्याज काढतो. कॉम्प्युटरची तारीख दहा वर्षं मागे असली तर दिवस उणे येतात आणि चूक लगेच दिसते. पण तारीख एकच महिना पुढे असली तर? आकडा खराच वाटतो. समजा १०,००० रुपये कर्ज आहे आणि व्याज महिना १ टक्का. एक महिना जास्त मोजला गेला, तर त्या बाईच्या नावावर १०० रुपये जादा चढतात. दहा जणींचं तसं झालं तर हजार रुपयांचा घोळ. वहीतला आकडा वेगळा, कॉम्प्युटरचा वेगळा, आणि भांडण मात्र सचिव आणि कर्जदार सखीत लागतं. गट पैशाने मोडत नाही, संशयाने मोडतो.

दुसरं, वेबसाइट. बँकेची किंवा सरकारी वेबसाइट उघडताना तुमचा कॉम्प्युटर तिचं ओळखपत्र तपासतो. या ओळखपत्रावर "या तारखेपासून या तारखेपर्यंत चालेल" असं लिहिलेलं असतं. तुमची तारीख त्या बाहेरची असली तर ओळखपत्र कॉम्प्युटरला खोटं वाटतं आणि तो वेबसाइट उघडू देत नाही. पडद्यावर "तुमचं घड्याळ मागे आहे" अशा अर्थाची इंग्रजी सूचना येते. पुष्कळदा आपण म्हणतो, "नेट चालत नाही," किंवा "सर्व्हर डाउन आहे." अर्जाची शेवटची तारीख जवळ आलेली असते आणि आपण घरी परत जातो. म्हणून वेबसाइट उघडली नाही, तर पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख आधी बघा.

तिसरं, कागदपत्रं. प्रत्येक फाइलवर ती कधी केली, कधी बदलली याची तारीख कॉम्प्युटर आपोआप टाकतो. ठरावाची फाइल बैठकीच्या आधीच तयार झालेली दिसली, तर तपासणीच्या वेळी उगाच उत्तरं देत बसावं लागतं.

वेळ दुरुस्त करायची रीत

आता रीत सांगतो. विंडोज १० किंवा ११ असलेल्या कॉम्प्युटरवर पडद्याच्या खालच्या पट्टीत, उजव्या कोपऱ्यात वेळ दिसते. तिच्यावर माऊसचं उजवं बटण दाबा. "ॲडजस्ट डेट अँड टाइम" असं येईल, ते निवडा. एक पान उघडेल.

त्यात "सेट टाइम ऑटोमॅटिकली" हे बटण चालू ठेवा. म्हणजे इंटरनेटवरून वेळ जुळवली जाईल. लगेच जुळवायची असली तर त्याच पानावर खाली "सिंक नाऊ" आहे, ते दाबा. तारीख फारच चुकलेली असली तर आधी आपोआपचं बटण बंद करा, "चेंज" दाबून तारीख आणि वेळ हाताने बरोबर भरा, मग आपोआपचं बटण पुन्हा चालू करून "सिंक नाऊ" दाबा. इंटरनेट नसेल तर मोबाइलमधली वेळ बघून हातानेच भरा आणि महिन्यातून एकदा ताडून पाहा.

याच पानावर "टाइम झोन" आहे. तिथे चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली ही नावं असलेली आणि पुढे साडेपाच तास, म्हणजे ५:३०, लिहिलेली ओळ निवडायची. विंडोज नव्याने टाकलं की तिथे कधी कधी अमेरिकेचीच वेळ राहून जाते. मग तास चुकलेला असतो आणि मिनिटांतही अर्ध्या तासाचा फरक दिसतो. तास भलताच आणि मिनिटांत नेमका अर्ध्या तासाचा फरक, असं दिसलं की टाइम झोन बघा.

हे साडेपाच तास आले कुठून? पृथ्वी स्वतःभोवती फिरताना तासाला १५ अंश फिरते. भारताची वेळ उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून ठरवलेली आहे. ८२.५ ला १५ ने भागलं की ५.५ येतात. म्हणजे इंग्लंडमधल्या ग्रीनिचपेक्षा आपण साडेपाच तास पुढे. ही एकच वेळ सगळ्या देशाला १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. पण आपल्या मुंबईने स्वतःची वेगळी वेळ पुढेही कितीतरी वर्षं चालू ठेवली. ती १९५५ पर्यंत टिकली. मुंबईची वेळ प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे होती. म्हणजे गाडी कुठल्या वेळेने सुटणार, हे त्या काळच्या माणसाला विचारूनच घ्यावं लागत असेल. देशातसुद्धा घड्याळं जुळायला इतकी वर्षं लागली, तेव्हा आपल्या कॉम्प्युटरचं एकदा तपासायला काय हरकत आहे?

आणखी दोन खाचा आहेत. एक, तारीख लिहायची पद्धत. आपण आधी दिवस लिहितो, मग महिना. अमेरिकेत आधी महिना लिहितात. ०५/०६ हे आपल्याला ५ जून, आणि अमेरिकन पद्धतीत ६ मे. कॉम्प्युटर त्या पद्धतीवर राहिला तर हप्त्याच्या तारखा उलटसुलट होतात. १३ तारखेपासून चूक लक्षात येते, कारण तेरावा महिना नसतो. पण १२ तारखेपर्यंत काहीच कळत नाही. म्हणून त्याच सेटिंगमध्ये "रीजन" या भागात जाऊन "इंग्लिश, इंडिया" हा पर्याय ठेवा आणि तक्त्यात महिना शक्यतो अक्षरात लिहा.

दुसरी खाच बाराची. घड्याळात दुपारचे बारा म्हणजे "१२ पीएम" आणि रात्रीचे बारा म्हणजे "१२ एएम". बऱ्याच जणी इथे गोंधळतात. हे टाळायचं असेल तर चोवीस तासांची पद्धत निवडा, जिला आपण रेल्वेचा टाइम म्हणतो. दुपारचे दोन म्हणजे १४, रात्रीचे आठ म्हणजे २०. अर्जाची मुदत २३:५९ पर्यंत असं लिहिलेलं असलं तर त्याचा अर्थ त्या दिवशी मध्यरात्रीला एक मिनिट कमी असेपर्यंत. मुदत मोठी दिसली तरी शेवटच्या रात्रीवर काम ठेवू नका, कारण त्याच रात्री लाईट जाते.

हलतं घड्याळ लावायचं कसं?

घड्याळ खरं झालं, आता सजवू. एक चांगली गोष्ट अशी, की हलत्या आकड्यांचं एक घड्याळ विंडोजमध्ये आधीच दिलेलं असतं. बाहेरून काही आणावं लागत नाही. त्याचं नाव "थ्रीडी टेक्स्ट". ते स्क्रीन सेव्हरमध्ये असतं. स्क्रीन सेव्हर म्हणजे कॉम्प्युटरला थोडा वेळ कुणी हात लावला नाही की पडद्यावर आपोआप येणारं चित्र.

पडद्यावर मोकळ्या जागी माऊसचं उजवं बटण दाबा आणि "पर्सनलाइज" निवडा. त्यात "लॉक स्क्रीन" मध्ये जा. पानाच्या खालच्या बाजूला "स्क्रीन सेव्हर" दिसेल, त्यावर दाबा. एक छोटी चौकट उघडेल. तिथल्या यादीतून "थ्रीडी टेक्स्ट" निवडा आणि शेजारचं "सेटिंग्ज" दाबा.

आता दोन पर्याय दिसतील. एक "कस्टम टेक्स्ट", म्हणजे तुम्ही लिहाल ती अक्षरं. दुसरा "टाइम". "टाइम" समोरच्या गोलावर दाबा. झालं तुमचं घड्याळ. खाली आकार लहान-मोठा करायची आणि वेग कमी-जास्त करायची पट्टी आहे. आकार मोठा ठेवा, वेग कमी ठेवा. "रोटेशन टाइप" मध्ये आकडे कसे हलावेत ते ठरवता येतं. गरगर फिरणारे आकडे गंमत म्हणून ठीक, पण फिरताना पाठमोरे झाले की वाचता येत नाहीत. "सी-सॉ" हा पर्याय घेतला तर ते हेलकावे घेतात आणि वाचायला सोपे जातात. डोळ्यांना चक्कर आल्यासारखं वाटत असलं तर "नन" घ्या, मग आकडे वळायचे थांबतात.

"ओके" दाबून मागे या. "वेट" च्या चौकटीत किती मिनिटांनी घड्याळ यावं ते लिहा. पाच मिनिटं पुरेत. शेजारी "ऑन रिझ्यूम, डिस्प्ले लॉगऑन स्क्रीन" अशी एक खूण करायची जागा आहे, तिथे खूण करा. त्यामुळे घड्याळ आल्यानंतर कुणी माऊस हलवला तर कॉम्प्युटर आधी पासवर्ड विचारेल. अर्थात त्यासाठी कॉम्प्युटरला पासवर्ड ठेवलेला हवा. गटाची सगळी आर्थिक माहिती त्यात असते. आपण चहाला बाहेर गेल्यावर कुणीही येऊन ती बघू नये, म्हणून ही खूण हवीच. शेवटी "अप्लाय" दाबायला विसरू नका.

फुकटच्या घड्याळाची किंमत

आता तिसरा प्रश्न. इंटरनेटवर पुष्कळ सुंदर घड्याळं फुकट मिळतात. ती घ्यावीत का?

गटाच्या हिशोबाच्या कॉम्प्युटरवर नको, असं आमचं स्पष्ट मत आहे. घड्याळाचं चित्र दिसत असलं तरी तो एक प्रोग्रॅम असतो, आणि प्रोग्रॅमला आपल्या कॉम्प्युटरमध्ये पुष्कळ काही करता येतं. स्क्रीन सेव्हरची फाइल नुसत्या चित्रासारखी वाटते, पण तीही पूर्ण प्रोग्रॅमच असते. अनोळखी ठिकाणाहून आणलेल्या घड्याळाबरोबर जाहिराती दाखवणारं, पासवर्ड चोरणारं किंवा फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारं दुसरं काही आत येऊ शकतं. अनोळखी माणूस फुकट घड्याळ भिंतीवर लावून देतो म्हणाला, तर आपण त्याला कपाटाची किल्ली देत नाही. इथेही तसंच.

हा धोका मोठ्या कंपन्यांनाही सुटलेला नाही. विंडोज व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्ये पडद्याच्या कडेला घड्याळ, कॅलेंडर असे "गॅजेट" लावता येत. त्यांच्यातून कॉम्प्युटरमध्ये शिरायला वाट मिळते, असं लक्षात आल्यावर २०१२ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टनेच ती बंद करायचा सल्ला दिला. नंतरच्या विंडोजमधून ती काढून टाकली. म्हणून तुमच्या खोलीत अजून विंडोज ७ चा जुना कॉम्प्युटर असेल आणि कुणी पोरगा म्हणाला, "मावशी, तुम्हाला भारी घड्याळ टाकून देतो," तर त्याला प्रेमाने नको म्हणा.

पेन ड्राइव्हमधून आणलेल्या घड्याळालाही हाच नियम. आणि घड्याळ टाकताना ते "अँटिव्हायरस बंद करा" असं सांगत असेल, तर तिथेच थांबा.

वीज वाचते का?

स्क्रीन सेव्हर म्हणजे काहीतरी वाचवणारा, असं नावावरून वाटतं. पूर्वीचे मागे पोट असलेले जाड पडदे एकच चित्र फार वेळ दाखवत राहिले की त्या चित्राचा डाग काचेवर कायमचा उमटायचा. तो टाळायला हलतं चित्र आलं. आताच्या सपाट पडद्यांना त्याची तशी गरज नाही. आणि वीज तर वाचतच नाही, कारण घड्याळ दाखवायला पडदाही चालू राहतो आणि कॉम्प्युटरही.

हिशोब करून बघा. समजा कॉम्प्युटर आणि पडदा मिळून १०० वॅट घेतात. तो १० तास चालला तर १ युनिट वीज जळते. महिनाभर नुसतं घड्याळ बघायला ठेवला तर ३० युनिट. तेवढ्यात भिंतीवरचं सेलचं घड्याळ विकत येईल. म्हणून बैठक चालू असताना घड्याळ ठेवा आणि काम संपलं की कॉम्प्युटर बंद करा. "पॉवर" च्या सेटिंगमध्ये पंधरा मिनिटांनी पडदा आपोआप बंद होईल असंही ठरवून ठेवता येतं.

घड्याळाला कामाला लावा

विंडोजमध्ये "क्लॉक" नावाचा आणखी एक प्रोग्रॅम असतो. विंडोज १० मध्ये त्याचं नाव "अलार्म्स अँड क्लॉक" आहे. त्यात टाइमर, स्टॉपवॉच आणि गजर मिळतो.

टाइमर उलटा मोजतो. तुम्ही दहा मिनिटं लावली की आकडे कमी होत जातात, गोल कडी सरकत राहते आणि शेवटी घंटी वाजते. साप्ताहिक बैठकीत याचा चांगला उपयोग होतो. बचत गोळा करायला पंधरा मिनिटं, परतफेडीला पंधरा, नव्या कर्जाच्या मागणीवर वीस, आणि उरलेला वेळ अडचणी बोलायला. सगळ्यांना दिसेल असा टाइमर लावला की अध्यक्षाला कुणाला थांबवावं लागत नाही, घड्याळच थांबवतं. ज्या बायका कधी बोलत नाहीत त्यांनाही दोन मिनिटं त्यांच्या हक्काची मिळतात. आमच्याकडे रेडिओवर बोलायला येणाऱ्या सख्यांनाही आम्ही हेच सांगतो, की घरी टाइमर लावून एकदा मोठ्याने वाचून बघा.

गजराबद्दल मात्र सावध राहा. कॉम्प्युटर बंद असला किंवा झोपेच्या अवस्थेत गेला तर त्यातला गजर वाजेल याची खात्री नाही. औषधाची वेळ, बाळाच्या लसीची तारीख यांसाठी मोबाइलचा गजर लावा.

आणि स्टॉपवॉच? त्याने आपले कष्ट मोजा. देशाच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली. घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, आणि ते काम करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटं, असं त्यात दिसलं. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास. ते मोजले गेले म्हणून बोलता आले.

आपल्या धंद्यातही तसंच. समजा गट उडदाचे पापड करतो. एका किलोला पीठ कुटून-मळून घ्यायला अर्धा तास, लाटायला सव्वादोन तास, वाळत घालून उलटायला अर्धा तास आणि पुड्या बांधायला पाव तास लागला. झाले साडेतीन तास. पिठाचा, मसाल्याचा, पिशवीचा खर्च वजा जाता ७० रुपये उरत असतील, तर तासाला पडले २० रुपये. हा आकडा समोर आला की भाव वाढवायचा, की लाटायचं यंत्र घ्यायचं, की दुसरा माल करायचा, यावर गटात खरी चर्चा होते. घड्याळ लावलं नाही तर आपण फक्त पिठाचा खर्च धरतो आणि आपले हात फुकट जातात.

या आठवड्यात एवढं करा

पुढच्या बैठकीच्या दिवशी सचिव आणि आणखी एक सखी, अशा दोघींनी मिळून ही सहा कामं करा.

१. कॉम्प्युटरची तारीख, वेळ आणि टाइम झोन मोबाइलशी ताडून बघा.
२. कॉम्प्युटर बंद करून, वायर काढून रात्रभर ठेवा. सकाळी तारीख मागे गेली असेल तर सेल बदलून घ्या, आणि जुना सेल मुलांपासून दूर ठेवा.
३. तारीख लिहायची पद्धत आपली आहे ना, ते "रीजन" मध्ये बघा.
४. व्याजाच्या तक्त्यातली एका कर्जाची रक्कम वहीवर हाताने काढून ताळा करा.
५. "थ्रीडी टेक्स्ट" मध्ये "टाइम" निवडून घड्याळ लावा आणि पासवर्डची खूण करा.
६. कुणी बाहेरून आणलेलं घड्याळ टाकलेलं असेल तर जाणकाराकडून काढून टाका.

एकीने करायचं आणि दुसरीने बघायचं. पुढच्या वेळी दुसरीने करायचं. म्हणजे कॉम्प्युटर एकाच बाईच्या हातात अडकून राहणार नाही.

करताना काही अडलं तर आपल्या केंद्रावर या, नाहीतर प्रश्न लिहून सीआरपी ताईंकडे पाठवा. त्यांची उत्तरं पुढच्या भागात देऊ. तोवर आपलं घड्याळ खरं ठेवा आणि आपला वेळ मोजत राहा.